वयाचा रकाना

शहाद्यात दोंडाईचा रोडला, पिठाच्या चक्कीवर
आमची लॅब.
खाली ज्वारी दळते, वर रक्त फिरतं.
दोन्ही मोटारी एकदम चालू झाल्या
की स्टँडातल्या नळ्या किणकिणतात.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एकच शब्द: पीएसए.
नाव, दित्या जामा पावरा.
गाव, धडगावच्या वरचा कुठलासा पाडा.
मग वय.

"बाबा, तुमनं वय कितलं शे?"
अहिराणी त्याला बाजारापुरती येते,
मला त्याची पावरी तेवढीसुद्धा नाही.
तो हसला. गुटख्याच्या पुडीत जपलेलं
आधारकार्ड पुढे केलं.
एक जानेवारी.
सोबत आलेल्या मुलाचीही एक जानेवारी,
सुनेचीही.
अख्खा पाडा एकाच थंडीत जन्मला,
शिबिरातल्या कुणा पोराच्या बोटाखाली,
दुपारच्या जेवणाआधी.

मी टाइप केलं: एकसष्ट.

आकडा आला पाच पॉइंट दोन.
शेजारी मशीननं आपणहून ठळक केलं: जास्त.
कारण कुंपण चारला आहे,
सगळ्यांना एकच.

किटच्या डब्यात घडी घातलेला कागद असतो,
तो कुणी वाचत नाही.
मी एकदा वाचला, लाइट गेली होती तेव्हा.
चार ठरवायला जे पुरुष उभे केले
त्यांचं शहर कुठल्या नदीकाठी होतं, लिहिलेलं नाही.
गोमाई नसणार.

वय चढतं तशी ग्रंथी फुगते, आकडा वर सरकतो,
साठीत जे खटकतं ते पंचाहत्तरीत चालून जातं.
आणि वंशानंही फरक पडतो म्हणे,
गोऱ्यांचं माप वेगळं, काळ्यांचं वेगळं,
आशियातल्यांचं जरा खाली.
आशियातले म्हणजे
जपानचा कोळी, मी,
आणि ओट्यावर आमचूर वाळवणारा दित्या,
एका ओळीत, खांद्याला खांदा लावून.

रिपोर्ट न्यायला आला तेव्हा सहज विचारलं,
मोठा दुष्काळ आठवतो का, बाहत्तरचा?
आठवतो म्हणाला. तोरणमाळच्या वाटेवर खडी फोडली.
सुकडी मिळायची.
थोरली पोर तेव्हा ढिगावर चढून बसायची,
उतर म्हटलं तरी उतरायची नाही.

मी खुर्चीत सरळ बसलो.
म्हणजे एकसष्ट नव्हे. पंचाहत्तर, कदाचित वरच.
वय वाढवलं तर आकडा निवळतो,
वंश धरला की पुन्हा गढूळ होतो.
पाच पॉइंट दोन तिथेच,
माणूस मात्र कुंपणाच्या आत-बाहेर
बकरीसारखा.

डॉक्टरांना फोन लावला.
ते जेवत होते.
"कागदाशी काय बोलतोस? माणूस पाठव इकडे.
बोटानं तपासतो. लघवीला जळजळ आहे का विचार.
आणि सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त घे."

माझं वय बावन्न. जन्म धुळ्याच्या सिव्हिलमधला,
पत्रिकेत घटका-पळांसकट.
माझा आकडा एक पॉइंट आठ, साध्या अक्षरात.
गेल्या वर्षी गुपचूप काढला होता.
त्या रात्रीही तीनदा उठलोच.

दित्यानं विचारलं, मग चांगलं की वाईट?
अजून माहीत नाही, म्हटलं.
हे उत्तर मशीनला देता येत नाही,
मलाही नीट देता आलं नाही.

सहा आठवड्यांनी ये, बाबा.
मुलगा मोबाईलमध्ये तारीख शोधू लागला.
दित्यानं एकदा छताकडे पाहिलं,
ओठ हलवले.
"होळी झाल्यावरचा दुसरा बाजार," म्हणाला.

ते गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर
बोट ठेवून मोजलं.
एका दिवसाचाही फरक नव्हता.

आमच्याकडे राहिलेल्या प्रतीवर
एकसष्टपुढे पेनानं लिहिलं, अंदाजे.
खाली चक्की सुरू झाली.
अक्षर जरा हललं.