जावक बारनिशी

बावीस वर्षं मी कॉलेजची पत्रं लिहिली,
त्यातलं एकही माझं नव्हतं.

टेम्पल्टनसाहेब खिडकीकडे तोंड करून इंग्रजीत सांगत,
मी ते मराठीत उतरवून कोठीवर धाडी.
ते म्हणत: हे असह्य आहे.
मी लिही: साहेबांस किंचित अडचण भासते.
ते म्हणत: तिथे सगळी गाढवंच बसलीत का?
मी लिही: पूर्वीच्या पत्राचे स्मरण व्हावे, सबब हे पत्र.
बडोद्यात कॉलेज चाललं ते ह्या दोन वाक्यांमधल्या जागेत,
असं आता पेन्शनीत बसून वाटतं.

जावक १०७: मुंबईहून काचेची नळकांडी सत्तावीस,
पैकी रेल्वेने फोडली अकरा.
जावक १३१: पंखेवाल्याचा पगार. तो झोपतो हे खरे,
तथापि दोरी पायाच्या अंगठ्यास बांधलेली असते
आणि झोपेतही पंखा हलतो.
जावक १५० ते १५६: सरदारांच्या हत्तीने
बागेतली केळ खाल्ली,
भरपाई विद्याखात्याने सोसावी की फीलखान्याने?
सात पत्रं झाली.
तोवर केळीला पुन्हा घड धरला होता.

कोठीवरून उत्तर येई: तूर्त.
तूर्त शिल्लक नाही. तूर्त राहू द्यावे.
त्या एका शब्दाखाली
रसायनशाळेचं छप्पर चार पावसाळे गळलं.

मग पादऱ्याकडचा वणकराचा पोर आला,
मूळजी गला, मॅट्रिक पास,
हातात अर्ज, पायात काही नाही.
मी म्हटलं, टेबलावर ठेव.
त्यानं ठेवला. दोन पावलं मागे सरला.
मग मी उचलला.
हेही लिहून ठेवतो. ज्याला स्वतःला वगळायचंय
त्यानं बारनिशी हातात घेऊ नये.

बोर्डिंगातल्या मुलांच्या बापांचा अर्ज आला, एकतीस सह्या,
सव्वीस मोडीत, पाच गुजराती.
पाण्याचं काय, पंगतीचं काय.
साहेब बराच वेळ खिडकीशी उभे राहिले.
म्हणाले, दरबारला विचार, ह्याला घ्यावे काय.

मी टाक बुडवला.
उत्तर मला पाठ होतं, दोन अक्षरी.
बाहेर तो पोर पायरीवर नाही,
पायरीच्या खाली बसला होता, उन्हात,
आणि माळ्यानं टाकलेल्या पुठ्ठ्यावर काही वाचत होता.
मला धैर्य वगैरे आलं नाही.
हात नेहमीसारखाच चालला, फक्त
'घ्यावे काय' लिहायचं तिथे
'घेतले आहे, कळावे' असं झालं.

जावक ४१२.
साहेबांनी न कळणाऱ्या मजकुराखाली सही केली, रोजच्यासारखी.
घरी जाऊन मी डोक्यावरून आंघोळ केली.
भीतीनं की विटाळानं,
बायकोनं विचारलं नाही आणि मलाही सांगता आलं नसतं.

नवव्या दिवशी कोठीवरून कागद: नोंद घेतली.
साहेब वळले. म्हणजे, ते हो म्हणाले?
मी म्हटलं, त्यांनी नोंद घेतली, साहेब.
बावीस वर्षांत तेवढं एक भाषांतर मी शब्दाला शब्द केलं.

पोर मोठा कोणी झाला असं नाही.
कोळशाच्या खोलीशेजारी त्याला खाट मिळाली, माठ वेगळा.
दीड वर्ष राहिला, बीजगणितात दोनदा गेला,
एका सकाळी खाट रिकामी.
जावक ६३८: सदरहू विद्यार्थी निघून गेला. फी बाकी नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी गोध्र्याहून कार्ड आलं.
तारबाबूची नोकरी, पगार अठरा रुपये.
अशुद्ध मराठीत, ऱ्हस्व-दीर्घ सगळं उलटं:
मला इथे बसायला खुर्ची आहे.

पोस्टमन घाईत होता. त्यानं ते टेबलावर ठेवलं नाही,
माझ्या हातातच दिलं.
त्याला आवक क्रमांक नाही.