फॉर्म सी

वरचा मजला दिला तेव्हा चौकीवरून निरोप आला,
परदेशी माणसं आहेत, चोवीस तासांत फॉर्म भरा.
मी एसटीत बत्तीस वर्षं कंट्रोलर,
फॉर्मला भिणारा नव्हे.
पण पहिल्याच रकान्यात आडनाव अडलं:
डब्ल्यू, मग आर, मग झेड,
सणाच्या आदल्या दिवशी पोवई नाक्यावर
गाड्या एकमेकींत घुसाव्यात तशी अक्षरं.

नवरा एमआयडीसीत, गिअर कापायच्या मशीनवर.
कंपनीची गाडी साडेसातला.
हा सात अठ्ठावीसला फाटकाशी उभा.
ड्रायव्हर जयसिंग मला रोज विनवतो,
"काका, ह्यास्नी सांगा, साडेसात म्हंजी पावणेआठ."
मी सांगत नाही.
उभी नोकरी मी याच्या उलटं सांगण्यात घालवली.

बाईचं नाव आग्नेश्का.
आमच्या हिनं दुसऱ्या दिवशीच त्याचं आग्नेय केलं,
स्वयंपाकघराची दिशा, म्हणाली, लक्षात राहते.
"आग्नेय, अगं पाणी आलंय!"
शाहूपुरीत एक दिवसाआड, पाऊण तास.
पहिल्या आठवड्यात टाकी भरून वाहिली,
जिन्यावरून खाली थेट माझ्या चपलांपर्यंत.
आता दूधवाल्यानं दिलेल्या कॅलेंडरवर
ती पाण्याच्या तारखेला निळा ठिपका काढते,
आणि मी तिचंच कॅलेंडर बघून मोटर लावतो.

संध्याकाळी वही घेऊन खाली येते.
तो, ती, ते शिकवताना मी आधीच दिलगिरी व्यक्त केली.
ती हसली. त्यांच्याकडेही तीन.
मूल? ते.
तिच्याकडेही ते.
आणि सूर्य? मी म्हणालो, तो.
नाही, तिच्याकडे सूर्यसुद्धा ते,
लहान मुलासारखं, म्हणाली,
कधी येतं, कधी येतच नाही.
मग खिडकीतून यवतेश्वराच्या उघड्या डोंगराकडे बघत
वहीत मुकाट्यानं "तो" लिहिलं.

मुलीला वही लागली नाही.
झोशा, सहा वर्षांची, जूनमध्ये शाळेत गेली
आणि दिवाळीच्या आत "की" घेऊन आली.
येते की. नको की. दे की गं.
आई तिच्या भाषेत रागावते,
ही त्याच भाषेत उत्तर देते
आणि शेवटी एक "की" जोडते, पदर खोचल्यासारखी.

एका रात्री लघवीला उठलो, तर जिन्यात उजेड.
आग्नेश्का मधल्या पायरीवर बसलेली,
मांडीवर पोर तापानं फणफणलेली.
नवरा पुण्याला. फोन हातात, नंबर माझाच.
लावला नव्हता.
त्यांच्याकडे रात्री कुणाचं दार वाजवत नाहीत म्हणे.
आमची ही तिला अशी बोलली, अशी बोलली,
आणि बोलता बोलताच मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या भिजवल्या.

रविवारी स्टुटगार्टहून सुहासचा फोन.
हवा, जेवण, नातीचं नाचणं, सगळं झाल्यावर
मी विचारलं, तुमच्या खाली कोण राहतं?
बराच वेळ नुसती खरखर.
"का हो, बाबा?"
सहज.
पुढच्या रविवारी त्यानं आपणहून सांगितलं:
केस्लर बाई. एकटीच. एक मांजर आहे.
ही म्हणाली, मांजराचं नाव विचार.

फॉर्मची माझी प्रत फडताळात आहे.
तळाशी एक रकाना: पुढील मुक्काम.
तिथं पेन्सिलीनं मी मार्च लिहिलाय.

आमच्याकडे मुक्कामी गाडी म्हणजे
रात्री शेवटच्या गावात थांबणारी.
बामणोलीला, कुठं चाफळला.
कुणी कंडक्टरला भाकरी देतं, कुणी घोंगडं.
कुत्री दोन दिवस भुंकतात, तिसऱ्या दिवशी टायरला टेकून झोपतात.
आणि पहाटे साडेपाचला ती सुटते.
वेळेवर सुटावी हे बघणं माझं काम होतं.

जिन्यात पावलं.
"आजोबा, पाणी आलं की!"

आज ठिपका नाही. तरी आलंय.