यादीत नसलेले

डॉल्फिनसाठी माणशी तीनशे रुपये,
सहा वर्षांच्या आतल्यांना निम्मे.
शाल्व साडेसहाचा,
म्हणून जेटीवर जरा गुडघ्यात वाकून उभा राहिला.

निवतीच्या किल्ल्यासमोर
बाबल खवणेकरांनी मशीन बंद केलं.
बोट नुसती हलत राहिली.
आम्ही पाण्याकडे बघत बसलो
जसं बंद दुकानाच्या शटरकडे बघतात.
"काल सकाळी धा होते," बाबल म्हणाले,
"आज खंय गेले, कोण जाणा."
उदयननं विचारलं, साधारण किती वाजता येतात?
"त्येंका घड्याळ नाय, सायबा."
रेणूला उलटी झाली.
बारके मासे गोळा झाले आणि ती त्यांनी संपवली.
चला, काहीतरी दिसलं, मी म्हटलं.
कुणी हसलं नाही.

परतताना, जो तो आपापल्या रागात असताना,
कर्लीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर
तीन पाणमांजरं.
एक मासा दोन हातांत धरून
मक्याच्या कणसासारखा खात होतं,
मिशांना खवले चिकटलेले.
बाबलनी वेगसुद्धा कमी केला नाही.
"ह्येंचे पैसे नाय. ह्ये चोर, जाळी फाडतत."
त्यातल्या एकानं मान वळवून आमच्याकडे बघितलं
आणि आम्ही काही खाण्यासारखे नाही असं ठरवून
पुन्हा माशाकडे वळलं.

दुपारी न्हाणीत घोरपड.
शाल्व साबणासकट अंगणात.
काकू झाडू न घेताच आल्या,
म्हणाल्या, "घाबरा नको रे, पावणी आसा. जायत आपली."
ती तासाभरानं गेली, सावकाश,
चुलीमागच्या भोकातून,
शेपटी तर बराच वेळ जातच होती.

मग संध्याकाळी काजऱ्याच्या झाडावर धनेश.
आधी आवाज आला,
कुणीतरी ताडपत्री झटकावी तसा,
आणि एवढी मोठी चोच घेऊन तो
एवढंसं नारिंगी फळ
टोकात धरून वर उडवत होता, झेलत होता.
उदयन फोनवर कुणाला तरी मार्चचं समजावत होता,
वाक्याच्या मधेच थांबला.
फोनमधला माणूस किती वेळ
हॅलो, हॅलो करत राहिला
वाळत घातलेल्या टॉवेलांमध्ये.

मला झोप लागली नाही.
खाट नवी, समुद्र चालूच.
साडेचारला बाहेर आले तर
सुरूच्या बनापाशी सासूबाई,
मफलर, हातात चप्पल.
तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसलेल्या,
बोटीत बसायला नको म्हणालेल्या:
मला कशाला, मुलांना दाखवा.
मी म्हटलं, अहो आई, या वेळी...
त्यांनी मागे न बघता हात वर केला.
"गप. तो जेवतोय."

वीस पावलांवर कोल्हा.
चंद्र पडत आलेला, वाळू राखाडी, तोही राखाडी,
नुसता कुर्लीचं कवच फुटल्याचा आवाज,
मग थोडं चालणं,
मग पुन्हा तो आवाज.
लाट आली की पाय वर घ्यायचा
आणि गेली की तिच्या मागे जायचा,
बसच्या रांगेत पुढे सरकावं तसा.
आम्ही दोघी किती वेळ उभ्या होतो माहीत नाही.
लग्नाला अकरा वर्षं झाली,
इतका वेळ शेजारी, काही न बोलता
आणि कुणी कुणावर न रुसता
आम्ही कधी उभ्या राहिलो नव्हतो.
उजाडायला लागलं तेव्हा
तो बनात शिरला. त्यांनी चपला घातल्या.

नाश्त्याला घावणे होते.
त्यांनी कुणाला सांगितलं नाही, म्हणून मीही नाही.

फोनमध्ये आता त्रेचाळीस फोटो आहेत, सगळे
रिकाम्या पाण्याचे.
एकात बाबलचं कोपर.

आंबोलीच्या वळणावर, मुलं झोपलेली असताना,
मागच्या सीटवरून त्या म्हणाल्या,
"डावा पाय जरा उचलून टाकत होता. बघितलंस?"
मी नव्हतं बघितलं.
हो, म्हटलं, पुढचा.
"मागचा," त्या म्हणाल्या,
आणि खिडकीची काच थोडी खाली केली.