नाका

आठवीला मी रोम शिकवत होतो.
शाळेपासून पैनगंगा चारशे पावलं,
खिडकीला दार नाही,
त्यामुळे नदी वर्गातच बसायची.
फळ्यावर वाकडी रेघ ओढली: ही डॅन्यूब.
अलीकडे साम्राज्य,
पलीकडे ज्यांना पुस्तक रानटी म्हणतं ते.
काठावर पलटण.
शेवटी शेवटी पगार येईना,
शिपायांनी बुरुजाच्या सावलीत गहू पेरला,
पलीकडच्या पोरी केल्या,
शिंग मात्र सांजेला वाजवत राहिले.

मागच्या बाकावरून सुगंधा पेंदोर:
"सर, हा तं माहा आबाच झाला."

शाळा सुटल्यावर ती पुढं, मी मागं.
चिल्हाटीतून, तुरीच्या फणकटांवरून
जुन्या चौकीपाशी.
कवेलू निम्मे गेलेले,
उरलेल्यांवर भोपळ्याचा वाळका वेल,
आबाच्या खाकी सदऱ्याला
गुंडीच्या जागी बाभळीचा काटा.

इथं वऱ्हाड संपायचं, तिथं मोगलाई लागायची.
मीठ, सरकी, तंबाखू, सगळ्याची झडती.
याची बायकोही पलीकडची;
वरातीच्या दिवशी तिचा पेटारा यानंच उघडून पाहिला
आणि चुंगीचे दोन आणे
स्वतःच्या कनवटीचे भरले.
मग मोगलाई बुडाली.
आधी कंदिलाचं तेल बंद झालं, मग पगार.
आता पलीकडेही आपलीच एस. टी. धूळ उडवते.

"आबा, हद्द उठली," मी म्हणालो,
"वीस-बावीस वर्षं झाली."
"उठली असंन.
मले कागद नाही आला."

पाणी घोट्याइतकं.
पलीकडून एक बाई मोहफुलांचं टोपलं घेऊन आली,
त्याच्यासमोर थांबली, टोपलं उतरवलं.
त्यानं दोन फुलं उचलली, हुंगली,
एक परत टाकलं.
ती गेली. बोललं कोणीच नाही.
रोजचंच असावं.

वाटलं, उद्या वर्गात हे सांगावं.
मग वाटलं, कशाला.
डॅन्यूब तरी मी कुठं पाहिलीय.

निघालो तर त्यानं हटकलं.
कुठून आले? कुठं चालले? खिशात काय हाय?
वाळवी लागलेली वही उघडली,
पेन्सिल जिभेला लावली,
एकेक अक्षर कोरत लिहिलं:
मास्तर, एक.
खडू, अर्धा.
माफ.