पातळी

राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फूट झालं
की बातमीत येतं, धोका.
आमच्या वस्तीत सदतिसालाच
चूल भिजलेली असते.
त्या आकड्याला नाव नाही.

मी तहसील कचेरीत कंत्राटावर.
पूर ओसरला की पंचनामे टाईप करतो.
('करते' म्हण, असं नवीन साहेब शिकवतात.
कोल्हापुरात आलायसा, मी म्हणतो, ऐकून घ्या.)

नागाळा पार्कातल्या बंगल्याचं पान भरगच्च:
सोफा, इन्व्हर्टर, दोन फ्रीज,
कुत्र्याची गादीसुद्धा,
फोटोसकट.
तिकडं पाणी आलं हे खोटं नाही.
त्या बाईंना काउंटरवर रडताना मी पाहिलंय.
शिपायानं त्यांना खुर्ची दिली.

मग यल्लव्वा कलकुटगी.
जागा: नदीकाठ. मालकी: नाही. उतारा: नाही.
प्रवर्ग: भटक्या जमाती.
साठ वर्षं एका जागी बसलेली बाई
कागदावर अजून चालतीय.
शेरा: अतिक्रमण, अपात्र.
ती उभ्या उभ्याच म्हणाली,
घाटाचा दगड फोडला आमच्या सासऱ्यानं,
तवा कुणी इचारलं न्हाई, कुठनं आलायसा.

तिचं नाव मतदार यादीत आहे,
वयासकट, नवऱ्याच्या नावासकट.
तिथं झोपडी चालते.
मतदानाच्या आदल्या रात्री
अंधारात बरोबर तिचंच दार वाजवणारी पोरं
पंचनाम्याला म्हणतात, घर सापडलं नाही.

परवा सभा झाली.
गाडीच्या टपावरून भाषण: पाण्याला जात नसते.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या,
पुढच्या रांगेत आमच्या एजन्सीचा मालक होता.

साहेब तसे चांगले आहेत.
एकदा माझं टायपिंग बघून म्हणाले,
तू त्यांच्यातली वाटत नाहीस.
मी हसलो.
एंटर दाबलं.
अपात्र.
अपात्र.
तेविसावं नाव माझ्या आईचं होतं.

आता महापालिकेची माणसं पुराची खूण करत फिरतायत,
भिंतीवर लाल रेघ, खाली वर्ष.
आमच्याकडं भिंत नाही.
त्यांनी विजेच्या खांबावर मारली.
तारा अजून यायच्यायत त्या खांबावर.
भाऊ खाली उभा राहिला, हात वर केला,
टाचा उचलल्या.
रेघेला पोचला नाही.