सुरुवातीचा जोर

मालीम जेटी, पहाटेचे सव्वाचार.
नदीपलीकडे कॅसिनोचे दिवे अजून जागे,
अलीकडे बर्फ फोडायचं यंत्र खडखडतंय
आणि मी हातगाडीच्या दांड्याला
जोर मोजायचा काटा बांधते आहे, सुतळीने,
कारण कंपनीने दिलेला हूक या दांड्यावर बसत नाही.

ढकल म्हटलं, मल्लेशीने ढकलली.
काटा अठरा किलोंवर थबकला. हिरवा.
मी वर पाहिलं. तो हसला :
तुम्ही मोजताय म्हणून जपून ढकलली.

तसं नको. रोजच्यासारखं.

रोजच्यासारखं म्हणजे
मागे ट्रॉलरवाला ओरडत असताना,
पाठ गाडीकडे, दोन्ही हात मागे वळवून दांड्यात,
हनुवटी पुढे, खवल्यांवर चपला सरकताहेत
आणि रस्त्याकडच्या चढावर फरशी फुटलेली आहे तिथे
चाक अडतं, तेव्हा तोंडातून निघतो तो आवाज.
अडतीस.
आवाजाला रकाना नाही.

जमिनीला आहे. जमीन : ओली.
बांगड्याचं रक्त, डिझेल, वितळता बर्फ
आणि कुणीतरी घसरल्यावर टाकलेलं गोणपाट,
सगळं मिळून ओली.

पिएदादला कुठे लिहू?
पाटी डोक्यावर, तेवीस किलो,
जुन्या लुंगीची चुंबळ, दोन्ही हात मोकळे,
एका हातात चहाचा ग्लास, हिंदकळत नाही.
कागद विचारतो : ओझं कमरेपासून किती लांब?
मी तिच्या मानेकडे बघत राहते.
'म्हजी मान बरी आसा गो, तुजी पळय.'
माझ्या खांद्यावर उपकरणांची पेटी, अकरा किलो, एकाच पट्ट्यावर.
डावा खांदा बोटभर खाली उतरलाय
हे तीन वर्षांत
मला कुणी सांगितलं नव्हतं.

उभी गाडी हलवायला लागतो तो सुरुवातीचा जोर.
एकदा चालली की निम्म्यात भागतं.
म्हणून मल्लेशी चढावर थांबत नाही,
कुत्रं आडवं येऊ दे, रिक्षा येऊ दे,
शिव्या देतो, वळसा घेतो, थांबत नाही.
थांबणं महाग पडतं, म्हणाला,
जसं काही मला गाडीचं भाडं सांगत होता.

अहवालात लाल रंग भरला.
चाकं मोठी हवीत. दांडा चार बोटं वर.
फुटलेली फरशी बुजवा. एका खेपेला सहाच क्रेट.
इनासियो कंत्राटदाराने चष्मा शर्टाला पुसला,
पहिली ओळ वाचली,
'चाकां घालूया,' म्हणाला, 'चाकां सवाय.'

नाताळ उरकल्यावर परत गेले.
चाकं खरंच नवी, हवेची, बोटाने फिरवली तरी फिरतात.
फरशी तशीच.
गाडीवर आठ क्रेट.

आठ कुणी सांगितले?
इनासियोने मल्लेशीकडे बोट केलं.
मल्लेशीने चाकाला लाथ मारून दाखवली, प्रेमाने,
नवा बैल दाखवावा तशी.
पैसे क्रेटमागे मिळतात, मॅडम.
गाडी हलकी झाली, मग दोन वाढवले.
हावेरीला बहिणीच्या घराचा स्लॅब पडायचाय.

मी पुन्हा सुतळी बांधली.
ढकल म्हटलं नाही, त्याला आता ठाऊक होतं.
चढ, फुटकी फरशी, तो आवाज.

अडतीस.

आकडा लिहिला, तारीख बदलली.
गाठ ओली होऊन आवळली होती, सुटेना.
आठ क्रेट चढावर तोलून,
दांडा पोटाशी धरून तो उभा,
मागे तीन गाड्या तुंबलेल्या, कुणीतरी शिट्टी मारली.
मी नखांनी गाठ उकरत राहिले
आणि मग लक्षात आलं,
आज चढावर गाडी थांबवली
ती मी.