लेन्स जोडलेली नाही

कॅमेरा म्हणतो, लेन्स जोडलेली नाही.
मी म्हणतो, बरं.
मेनूत आत, आणखी आत जाऊन
'लेन्सशिवाय फोटो काढू द्या' चालू करतो,
आणि ही पाव किलोची रशियन काच
त्याच्या तोंडावर तशीच राहते,
ओळख न देता.

शिकलगारचाचांनी सातशेला दिली.
"अठ्ठावन्नची हेलिओस. माळ्यावर पडलीवती,
म्हणून पुरात वाचली. बाकी सगळं गेलं."
पुढच्या काचेच्या काठाला बुरशीची
एक बारीक फांदी फुटली आहे.
फोटोत येत नाही, असं म्हणतात.
बघू.

रविवार, मार्केट यार्ड बंद.
गोदामाच्या भिंतीला कालचा पेपर चिकटवला,
मधोमध हळदीचे भाव.
ट्रायपॉड नाही. काट्यावर दोन पोती रचली,
वर कॅमेरा, दहा सेकंदांचा टायमर,
श्वास उगाचच धरलेला.

दोनवर, तोंड पूर्ण उघडं:
राजापुरीचा भाव वाचता येतो,
कोपऱ्यातलं 'स्थळ पाहिजे' पाण्यात पडल्यासारखं.
चारवर स्थळ दिसतं, अटी दिसत नाहीत.
आठवर अटी दिसतात:
निर्व्यसनी, बागाईत, शक्यतो मिरजेजवळ.

फाइलीत छिद्राच्या आकड्याजागी नुसती रेघ.
म्हणून वहीत पेन्सिलीने लिहितो,
पेढीवर आवक लिहितो तसंच,
तारीख, नग, शेरा.

संध्याकाळी घाटावर.
पुढे कुणाच्या तरी सायकलची घंटी,
तिच्यावरचा गंज दाणा दाणा मोजावा असा.
मागे आयर्विनचे दिवे फुगून गोल झाले,
काठाकडचे लिंबाच्या फोडीएवढे चेपलेले,
आणि बाभळीची पानं
घंटीभोवती गरगरायला लागली.
सायकलवाला आला. म्हणाला, काय वो,
घंटीचा फोटो?
वाजवली, आणि गेला.

मंगळवारी चाचांना दाखवायला गेलो.
'नवरंग फोटो'च्या पाटीखाली आता झेरॉक्स.
दारात शर्ट झटकला; पेढीवरून आलं की
झटकावाच लागतो.
"टेस्ट?" चाचा हसले.
"आमची टेस्ट म्हंजे गिऱ्हाइकाची आई.
तिनं वळखलं की पास."

कॅमेरा हातात घेतला.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय.
"पडद्यावर हे लाल काय वळवळतंय?"
"कुठं फोकस आहे ते दाखवतंय."
"बंद करा ते."

मग पडद्याकडे बघितलंच नाही.
कॅमेरा छातीशी, तोंड भलतीकडे,
अंगठ्याने कडं फिरवलं,
थोडं पुढे गेलं, केसभर मागे आणलं.
थांबलं.
"इथनं स्टूल तीन हात," म्हणाले.
स्टूल नव्हतं. ते पुरातच गेलेलं.
तिथं फरशी होती, आणि शटरच्या फटीतून
आलेला उन्हाचा एक तुकडा.
खटका दाबला.

रात्री मोठा करून बघितला.
दारात मी उभा आहे,
विरघळलेला, कुणीही असू शकेन असा.
बुरशी कुठेच नाही.
माझ्या पुढे, रिकाम्या जागी, उन्हात
धूळ तरंगतेय,
कण न् कण सुटा,
पिवळी.

वही काढली. लिहिलं:
दोनवर. तीन हात.
शेऱ्याची जागा अजून मोकळी आहे.